टेकडीवरून येणारी हजेरी

आषाढाच्या मध्यावर तहसील कचेरीच्या आवारातील माझ्या टेबलासमोर गर्दी वाढते. शाळाप्रवेशाचे दिवस असतात. जातीचा दाखला, रहिवासाचा दाखला, नावातील दुरुस्ती असे विषय घेऊन डोंगरातील माणसे जीपमधून उतरतात आणि माझ्या ताडपत्रीखाली येऊन उभी राहतात. तळोद्यात अर्जनवीस पुष्कळ आले आणि पुष्कळ गेले, मी टिकलो. माणसाचे अर्ध्या तासाचे बोलणे एका ओळीच्या विषयात बसवणे ही विद्या आहे, आणि ती मला शाळेने दिलेली नाही. माझी शाळा नववीतच सुटली. ही विद्या मी ऐकून ऐकून कमावली. डोंगरातील माणूस कचेरीपासून दूर असतो, त्याचा आवाज साहेबाच्या कानापर्यंत पोहोचत नाही. तो पोहोचवण्याचे काम मी आयुष्यभर केले, आणि ते लहान काम आहे असे मी कधीही मानले नाही.

याच दिवसांत, समोरचा माणूस आपली तक्रार सांगत असताना, कोणाच्या तरी खिशातल्या फोनचा बारीक ‘टिंग’ असा नाद होतो आणि माझी लेखणी थांबते. घरी माझ्या पत्नीचे, निर्मलाचे, तसेच होते. तिच्या हातातली भाकरी तव्यावर थोडी जास्त राहते. आम्ही एकमेकांकडे पाहत नाही. पाहण्याची गरज नसते. टाळेबंदीच्या त्या साली आमच्या घरातला दिवस ह्या एका नादाने उजाडत असे आणि त्याच्याच वाटेकडे डोळे लावून मावळत असे.

निर्मला अंगणवाडी सेविका आहे. तिचे केंद्र तळोद्यात नाही. सातपुड्याच्या पहिल्या रांगेच्या मागे, नाला ओलांडून वर गेल्यावर एक पाडा लागतो, तिथे आहे. तिची नेमणूक झाली तेव्हा त्या पाड्यावर शिकलेली बाई मिळत नव्हती, म्हणून ही सपाटीवरची गुजर-पाटलांच्या वस्तीत वाढलेली बाई तिथे गेली, आणि रोज जीपने जात-येत राहिली. पावरी बोली तिने मुलांकडूनच उचलली. घरी ती माझ्याशी अहिराणीत बोलते, केंद्रात मुलांशी पावरीत, आणि पर्यवेक्षिकाबाईंशी मराठीत. मी मात्र मराठीवर ठाम आहे, लिहिताना तरी.

टाळेबंदी झाली आणि जीपा थांबल्या. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे पाड्याने स्वतःच आपली वाट बंद केली. बोरीच्या फांद्या, बांबू आणि एक जुने नांगराचे लाकूड आडवे टाकून तरण्या पोरांनी पाळ्या लावल्या. बाहेरचा कोणीही आत यायचा नाही, आतला कोणी बाहेर जायचा नाही. साथीविरुद्ध गावकऱ्यांनी स्वतः केलेला हा बंदोबस्त कोणत्याही आदेशापेक्षा कडक होता. त्यात निर्मलाही बाहेरची ठरली. इतकी वर्षे त्या पोरांची नाके पुसलेली बाई एका दिवसात बाहेरची झाली, हे तिला लागले.

मग मुलांना फोनवरून शिकवा असे वरून सांगण्यात आले. सांगणाऱ्यांनी कदाचित तो पाडा पाहिला नसावा. तिथे फोनला रेंज नव्हती. सबंध पाड्यावर चांगला फोन एकच, तो रायसिंगकडे. रायसिंग गुजरातेत ऊसतोडीला जाई. टाळेबंदीच्या आधीच तो परतला होता, म्हणून आत राहिला. पाड्यामागच्या टेकडीवर एक मोहाचे झाड आहे, त्याच्या पूर्वेच्या अंगाला उभे राहिले की रेंज येते. निर्मला सकाळी तिचा आवाज पाठवी. रायसिंग गुरे घेऊन टेकडीवर जाई, तो आवाज फोनात उतरवून घेई, खाली येऊन आपल्या घराच्या ओट्यावर पोरे बसवून ऐकवी, आणि पोरांचा आवाज भरून घेऊन दुसऱ्या दिवशी पुन्हा टेकडी चढे. म्हणजे बाईंनी आज विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर उद्या येई. माझ्या अर्जांनाही उत्तरे उशिरानेच येतात, पण अर्जदार चार वर्षांचा नसतो.

पहिला पाठ मी लिहून दिला होता. कचेरीचे फाटक अर्धेच उघडे होते, माझ्यासमोर कोणी येत नव्हते, आणि घरात एक बाई भिंतीशी बोलल्यासारखी फोनशी बोलत होती. मदत करणे माझे कर्तव्य होते. ‘प्रिय बालकांनो’ अशी सुरुवात करून मी स्वच्छता, शिस्त आणि पाण्याचे महत्त्व मुद्देसूद मांडले. निर्मलाने ते वाचले आणि बाजूला ठेवले.

“तुमनं मराठी साहेबले समजस,” ती म्हणाली. “मन्हा पोरे अजून चार वरीसनासुद्धा नहीत.”

मजकूर चांगला होता असे मला आजही वाटते. पण तिने जे केले ते मी बाजूला बसून ऐकले आहे, म्हणून त्याबद्दल लिहिण्याचा मला अधिकार आहे. ती प्रथम हजेरी घेई. एकेका मुलाचे नाव उच्चारून ती तेवढी जागा रिकामी सोडी. समोर भिंत, भिंतीवर कॅलेंडर, खिडकीबाहेर रिकामा रस्ता, आणि ही बाई ‘दिलवर’ म्हणून थांबे, ‘रमिला’ म्हणून थांबे, मान किंचित वाकवी, जणू उत्तर ऐकू आलेच. केंद्रातली तिची पद्धत अशी होती की नाव घेतल्यावर ज्याने त्याने आपल्या आवडीच्या जनावराचा किंवा पाखराचा आवाज काढायचा. ही पद्धत एका मुलीपायी सुरू झाली होती. रायसिंगची धाकटी, सुमली. ती केंद्रात येई, खिचडी खाई, आजीच्या लुगड्याचा काठ तोंडात धरून बसे, पण शब्द काढत नसे. तिला शब्द नको होते. तेव्हा निर्मलाने सर्वांचेच शब्द माफ केले. त्यानंतर एका सकाळी सुमलीने शेळीच्या करडाचा आवाज काढला. त्या संध्याकाळी निर्मला घरी आली तेव्हा तिने खांद्यावरची पिशवी ठेवण्याआधी मला तो आवाज काढून दाखवला होता.

तर दुसऱ्या दिवशी ‘टिंग’ होई आणि आमच्या स्वयंपाकघरात कोंबडा आरवे, कुत्रे भुंके, होला घुमे, बैल हंबरे, आणि मध्येच कोणीतरी रायसिंगच्या पाठीवर धपाटा मारल्याचा आवाज, बायकांचे हसणे, पागोळ्यांची ठिबठिब, टेकडीवरचा वारा. मला एकाही मुलाचा चेहरा माहीत नव्हता, तरी मी सांगू शकत असे की आज दिलवरचा घसा बसला आहे. निर्मला सर्व आवाज ऐके, पण तिचा चेहरा करडाच्या आवाजानंतरच मोकळा होई. साडेतीन वर्षांचे पोर किती दिवस लक्षात ठेवते, हा तिला पडलेला प्रश्न होता. तिने तो मला एकदाच विचारला. मी म्हटले, बाल्यावस्थेतील संस्कार खोल असतात. ती म्हणाली, संस्कारांचे विचारत नाही, माझे विचारते.

ह्याच ऋतूत, पाने रुंद आणि ओली होऊ लागली तेव्हा, तिने पानांचा पाठ घेतला. अंगणात जा, कोवळी हिरवी पाने आणा, लहान एकीकडे मांडा, मोठी एकीकडे मांडा, मग मोजा. दर वर्षी केंद्रात ती हा पाठ घेत असे आणि मुलांना तो फार आवडे. आवाज गेला. रायसिंगने तो उतरवून घेतल्याची खूण फोनवर दिसली.

दुसऱ्या दिवशी काही आले नाही.

पाऊस असेल, असे आम्ही म्हटले. टेकडीवर निसरडे झाले असेल. फोनची बॅटरी उतरली असेल. पाड्यावर वीज कधी येते आणि कधी जाते ह्यावर मी स्वतः दोन निवेदने लिहिली आहेत. त्याच्या दुसऱ्या दिवशीही काही आले नाही. निर्मलाने तरी आपला पाठ पाठवला, हजेरी घेतली, जागा रिकाम्या सोडल्या. आता त्या जागा ऐकवेनात. मी बाहेर ओसरीत जाऊन बसलो.

बातमी आणली ती रेशनचे धान्य वाहणाऱ्या छोट्या टेम्पोच्या चालकाने. तो खालच्या गावापर्यंत जाई. त्याने टेम्पो आमच्या दाराशी थांबवला, तोंडावरचा रुमाल न काढता आणि इंजिन बंद न करता सांगितले की वरच्या पाड्यावर ताप आहे, आणि बाईंच्या फोनवर गावाचा राग आहे. पुजाऱ्यांनी फोन बंद करायला लावला.

“ताप कोनले शे?” निर्मलाने विचारले.

“रायसिंगनी पोरले म्हनतस,” तो म्हणाला. “माले पक्कं माहीत नही, ताई.” आणि गेला.

रागाचे कारण थोडे त्याने निघण्याआधीच सांगितले होते, बाकीचे आम्हाला पुढे तुकड्यातुकड्यांनी कळले; ते मी येथे जोडून सांगतो. डोंगरात निलचारी नावाची पूजा असते. पावसानंतर रानात उगवलेली पहिली हिरवाई आधी देवाला दाखवतात. तोवर नवी पालेभाजी खात नाहीत, सागाचे कोवळे पान तोडत नाहीत. निर्मलाला हे ठाऊक होते. पाठ ती पूजेनंतरच घेत असे. पण पूजा झाली की नाही हे तिला कधी विचारावे लागले नव्हते, कारण केंद्राची मदतनीस जेमाबाई त्याच पाड्यावरची. सकाळी केंद्र झाडताना ती गावात काय झाले, काय व्हायचे आहे ते सारे सांगून टाकी. आणि जे सांगत नसे ते तिच्या नुसत्या भुवईवरून समजे. त्या साली पूजा लांबली होती. गावची कितीतरी माणसे गुजरातेत अडकलेली, ती आल्याशिवाय गावाची पूजा करायची नाही असे ठरले होते. जेमाबाईकडे फोन नव्हता. आवाज टेकडी चढला, उतरला, ओट्यावर वाजला, आणि बाईंच्या शब्दाबरोबर सर्वांत आधी धावली ती सुमली. तिने सागाच्या रोपट्याचे कोवळे पान तोडून आणले आणि फोनासमोर ठेवले. त्या रात्री तिला ताप भरला.

मी पुष्कळदा ह्यावर विचार केला आहे. आवाज दूर जातो, पण तो जिथे पोहोचतो तिथल्या माणसांच्या भुवया परत आणत नाही. निर्मला ओट्यावर असती तर ‘पाने’ हा शब्द तोंडातून निम्मा निघतानाच जेमाबाईने तिला थांबवले असते, आणि कोणाला काही कळलेही नसते. शिकवण्यातला केवढा भाग न बोलता होतो, हे ज्यांनी फोनवरून शिकवले नाही त्यांना सांगून पटणार नाही.

त्या संध्याकाळी आमच्या घरात जो पेच होता तो असा. ताप असल्याचे कळले की सेविकेने वर कळवायचे, असा नियम. कळवले की गाडी जाणार, पांढऱ्या पोशाखातली माणसे उतरणार, आणि पोर आजीच्या कुशीतून उचलून नंदुरबारला नेणार. पाडा आयुष्यभर म्हणणार, बाईंनी आधी पान तोडायला लावले आणि मग गाडी पाठवली. न कळवावे, आणि तो ताप तोच असेल, तर? पोर साडेतीन वर्षांची.

मी चष्मा लावला आणि म्हणालो, मी दोन ओळी लिहून देतो, जबाबदारी आपल्यावर राहणार नाही.

“तुम्ही लिखात का गाडी जाई,” ती म्हणाली. “मी आधी पोरले देखसू. मन्हा डोयानी देखसू. मंग काय लिखनं ते लिखा.”

“गावात घेणार नाहीत.”

“वाटवर उभी ऱ्हासू.”

सकाळी मी मोटारसायकल काढली. खिशात मात्र मी एक कागद ठेवलाच होता. त्यात झालेल्या प्रकाराबद्दल ग्रामस्थांजवळ दिलगिरी होती आणि मुलीच्या प्रकृतीची माहिती मिळावी अशी विनंती. नाक्यावर पोलिसांनी अडवले. निर्मलाने ओळखपत्र दाखवले. मी कामाचे स्वरूप योग्य शब्दांत सांगितले. त्यांनी सोडले. पुढे रस्ता रिकामा. दोन्ही बाजूंना ओली शेते, पण वाकलेली माणसे फार थोडी. नाल्याला गढूळ पाणी होते. निर्मला उतरली, चपला हातात घेऊन चालत गेली, आणि मी मोटारसायकल ढकलत नेली. मास्कच्या वर तिचे डोळे सरळ समोर होते. मला तापाची भीती वाटत होती. ती केवळ मुलीसाठी नव्हे, आमच्यासाठीही होती, हे मी लपवत नाही. घरी साखरेचा विकार असलेली माझी आई होती.

वळणावर काटेरी कुंपण दिसले. आतल्या दोन पोरांनी काठ्या उचलल्या आणि दुरूनच हात केला, थांबा. एक आत पळाला. आम्ही उभे राहिलो. फांद्यांमधून पलीकडे हळूहळू माणसे जमू लागली, बायका लुगड्याच्या पदराने तोंड झाकून. त्यांत जेमाबाई होती. तिने निर्मलाकडे पाहिले आणि लगेच खाली पाहिले. मग गावाचे पुजारा वेस्ता बाबा आले. उंच, वाळलेले, खांद्यावर घोंगडी. ते बसले नाहीत, आम्हाला बसा म्हणाले नाहीत.

मी खिशात हात घातला. निर्मलाने माझ्याकडे न पाहता माझे मनगट धरले आणि खाली केले. माझ्या आयुष्यात माझा लिहिलेला कागद कोणी अशा तऱ्हेने थांबवला नव्हता. मी थांबलो.

वेस्ता बाबांना मराठी थोडी येत होती. त्यांनी ती मोजून वापरली.

“बाई, फोन आम्ही बंद केला. तो गावात राहतो, पण गावाला विचारत नाही.”

“मी विचारलं नाही, बाबा,” निर्मला म्हणाली. “पूजा झाली असेल असं धरून चालले. फोनची चूक नाही.”

मागून एक म्हातारी पावरीत काहीतरी बोलली आणि बायका हसल्या; ते हसणे चांगले नव्हते. नंतर मला सांगण्यात आले, ती म्हणाली होती की बाईंना म्हणावे, तळोद्याच्या बाजारातली मेथी मोज.

निर्मलाने ते ऐकले, तिला ते समजलेही. ती म्हणाली, “मोजीन, आजी. आधी सुमली दाखवा. ताप उतरला का तिचा?”

कुंपणापलीकडे एवढी माणसे, आणि वाऱ्याने बोरीची फांदी बांबूवर घासत होती तेवढाच आवाज. मी वेस्ता बाबांच्या चेहऱ्याकडे पाहत होतो. तीस वर्षे मी माणसांचे चेहरे पाहून अर्जाचा विषय ओळखतो; त्या चेहऱ्यावरून मला काहीही ओळखता आले नाही. निर्मलाचा हात अजून माझ्या मनगटावर होता.

मग वेस्ता बाबांनी मान मागे वळवली. माणसे बाजूला झाली आणि रायसिंगची आई पुढे आली. तिच्या कडेवर सुमली होती. कपाळावर काळा टिळा, नाकाखाली शेंबूड वाळलेला, हातात भाजलेल्या मक्याचा तुकडा. ती मका खात होती. निर्मलाने माझे मनगट सोडले. ती कुंपणापासून अंतर ठेवून उभी होती, तिथूनच तिने डोळ्यांनी पोर तपासले: डोळे, ओठ, छातीची हालचाल. रायसिंग पुढे येऊन म्हणाला, दोन दिवस तापली होती, आता खाते आहे, कोणाला काही झाले नाही. मी दुसरीकडे तोंड करून चष्मा पुसला.

“सुमली,” निर्मलाने हाक मारली. “कोण आलंय?”

पोरीने मका खाणे थांबवले. तिने बाईंकडे पाहिले नाही. ती आजीच्या कडेवरून वाकली आणि शेजारी उभ्या असलेल्या बापाच्या खिशाकडे पाहू लागली. रायसिंगच्या सदऱ्याच्या खिशात तो फोन होता, बंद केलेला. तिने हात लांब करून खिसा ओढला. रायसिंगने गोंधळून फोन काढून तिच्या हाती दिला. तिने तो कानाला लावला, मग समोर धरला, काळ्या काचेत पाहिले.

“सुमली,” निर्मला पुन्हा म्हणाली.

पोरीने फोन हलवून पाहिला.

त्या क्षणी माझ्या पत्नीच्या चेहऱ्यावर जे आले त्याला मी नाव देणार नाही. तिला वाटत होते की पोर आपल्याला विसरेल. ते झाले नव्हते. पोरीने आवाज अगदी जपून ठेवला होता. फक्त त्या आवाजामागे माणूस असतो, हे तिच्यातून गेले होते. निर्मलाने दोन पावले मागे घेतली, आणि मग मास्क हनुवटीखाली ओढला. मी तिला टोकणार होतो. टोकले नाही. ती तिसऱ्यांदा तेच म्हणाली, हळू, ओठ दिसतील असे.

सुमलीने फोनकडे पाहिले, ओठांकडे पाहिले. मग तिची नजर खाली खाली आली, निर्मलाच्या मानेवरून, ओल्या साडीवरून, चिखलाने भरलेल्या अनवाणी पायांवर. नाला ओलांडल्यापासून चपला तिच्या हातातच राहिल्या होत्या. पोर आजीच्या कानाशी लागली आणि सर्वांना ऐकू येईल अशा आवाजात पावरीत काहीतरी म्हणाली.

बायकांमध्ये खसखस पिकली. ह्या वेळचे हसणे वेगळे होते. रायसिंगने मान खाली घालून सांगितले, “म्हणते, बाईला पाय आहेत.”

वेस्ता बाबा हसले नाहीत. त्यांनी काठीवाल्या पोराला खूण केली. त्याने बोरीची एक फांदी ओढून बाजूला केली, माणूस आत जाईल एवढी नव्हे, पलीकडचे दिसेल एवढी.

“आत नको,” ते म्हणाले. “तिथेच राहा. पोरांना पाहू दे.”

आजीने सुमलीला खाली उतरवले. ती फटीशी येऊन उभी राहिली, फोन अजून छातीशी धरलेला. तिच्या मागून दिलवर आला, रमिला आली, मला न दिसलेले आवाज एकेक करून आले आणि शरीरे होऊन उभे राहिले. सारे बाईंच्या पायांकडेच पाहत होते. निर्मलाने चपला रस्त्याच्या कडेला ठेवल्या. साडी घोट्याच्या वर उचलली. उजवा पाय चिखलात आपटला आणि म्हणाली, “एक.” डावा आपटला. “दोन.” लाल पाणी माझ्या विजारीवर उडाले.

मग सुमलीने वाकून फोन जमिनीवर ठेवला, दोन्ही हात मोकळे केले, आणि पाय उचलला.